नटवर्यांनी उतरवलेलं विमान

रविवार, १२ मार्च

मामा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसतं ‘मामा’ गोड मानून घे.

इकडे सगळं ठीक. माझ्या कपाळाचे टाके केव्हाच निघाले. व्रण भुवईच्या वर आहे. केस पुढे घेतले की दिसत नाही, असं आई येता-जाता सांगते, म्हणजे तिला तो दिसतो. तिचे गुडघे थंडी सरल्यापासून बरे आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुत्रा आणलाय. तो सगळ्या जगाला सोडून फक्त आईवर भुंकतो, आणि आईही त्याला सोडत नाही. जिन्यात उभी राहून भांडते. काल त्याला म्हणाली, “तुझं वय काय, बोलतोस काय!”

तुला पत्र लिही म्हणून ती आठवडाभर माझ्या मागे लागली आहे. “तो धड जेवत नाही,” म्हणते. “तुझे वडील गेले तेव्हा कोण उभं राहिलं आपल्यामागे? सायकल कुणी शिकवली? विमान कुणी शिकवलं? फोनवर बोलायचं नसेल तर निदान दोन ओळी लिही.” तिचं काही खोटं नाही. म्हणून बसले आहे. फक्त दोन ओळींत भागेल असं वाटत नाही.

आपल्या फ्लाइंग क्लबची आठवण येते. सकाळी गवतावर दव असायचं, हँगरचं दार उघडताना करकरायचं, आणि तू खिडकीतून ओरडायचास, “तेल घाला रे त्याला कुणीतरी!” वर्षानुवर्षं ओरडलास, तेल कुणी घातलं नाही. आपल्याकडे शिकायला येणारी मोठी मंडळी आठवतात. मी गायिकाबाईंना एकदा विचारलं होतं, एवढं नाव, एवढा मान, मग हा धोक्याचा नाद कशाला? त्या म्हणाल्या, “अगं, खाली मी शिंकले तरी बातमी होते. वर कुणी सही मागत नाही.” टेनिसवाला तर उतरल्यावर विमानाला थोपटायचा, घोड्याला थोपटतात तसं. आणि आपले नटवर्य. हे नाव तूच ठेवलंस त्यांना, आणि त्यांच्या तोंडावर मात्र ‘साहेब, साहेब’.

मला ते आवडायचे, मामा. एका सिनेमात वैमानिक झाले आणि तेव्हापासून सगळ्या दुनियेला वाटायला लागलं की यांना विमान चालवता येतं. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, “बाई, लोकांना वाटतं मला येतं. आता निदान थोडं तरी यायला हवं ना?” हात जड होता, पण मन लावून शिकायचे. वळण घेताना श्वास धरून ठेवायचे. मी म्हणायचे, “साहेब, श्वास घ्या, त्याला पेट्रोल लागत नाही.” मग दोघंही हसायचो.

गायिकाबाई मोठ्या क्लबात गेल्या, पाठोपाठ टेनिसवालाही गेला. तू ऑफिसातल्या त्यांच्या फोटोंकडे बघत बसायचास ते मी पाहिलंय. एकटे नटवर्य उरले होते. त्यांचा नवा सिनेमा येणार, कॅमेरेवाले येणार, आपल्या पट्टीवरून ते उडणार, सगळीकडे क्लबचं नाव होणार. त्या आठवड्यात तू पुन्हा तरुण दिसायला लागला होतास. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, असं आई म्हणेल. पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे. ‘आकाशातही नायक!’ काकूंनी ते कात्रण आरशाच्या कोपऱ्यात खोचलंय. इंजिन बंद पडलं, शिकवणाऱ्या मुलीचं भान हरपलं, आणि नायकाने डोकं शांत ठेवून विमान शेतात उतरवलं. परवा दुकानात एक बाई मला म्हणाल्या, “नशीबवान आहेस गं, ते होते म्हणून वाचलीस.” मी हो म्हटलं आणि साबण घेऊन घरी आले.

आता मी सांगते.

इंजिन बंद पडलं तेव्हा आपण नुकतेच कालव्याच्या पलीकडे गेलो होतो. ‘आपण’ लिहिलं बघ सवयीने. तू खाली होतास. आधी ते खोकलं, मग गप्प झालं, आणि समोरचा पंखा उभा राहिला. इंजिन बंद पडल्यावर वाऱ्याचा जो आवाज येतो, तो तू मला पहिल्यांदा ऐकवलास तेव्हा मी रडले होते. या वेळी रडायला फुरसत नव्हती. नटवर्यांनी कंट्रोलचा दांडा छातीशी ओढून धरला. डोळे मिटलेले. विमानाचं नाक वर चाललं होतं, वेग मरत होता. मी ओरडले, “हात सोडा!” त्यांना ऐकू जात नव्हतं. मी त्यांच्या मनगटावर जोरात फटका मारला, तेव्हा हात सुटले. मग नाक खाली घेतलं आणि शेत शोधलं. एक नांगरलेलं होतं, एक उभ्या पिकाचं. मी पिकाचं घेतलं. तू शिकवलंस तसंच. शेवटी बांध आडवा आला, चाक मोडलं, मी काचेवर आदळले आणि त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

त्याआधी मी रेडिओवर बोलले होते. “मामा, इंजिन बंद. मी शेतात उतरवतेय.” शिस्तीने क्लबचं नाव घ्यायला हवं होतं, पण तोंडून ‘मामा’च निघालं. आणि तू म्हणालास, “मी ऐकतोय, बाळा. वेग सांभाळ.”

म्हणजे तू ऐकलंस. ‘मी उतरवतेय’ हे ऐकलंस.

आणि संध्याकाळी दवाखान्यात, माझ्या पलंगासमोरच्या टीव्हीवर, त्याच दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून तू सांगत होतास, “पोरीचा दोष नाही हो, वयच लहान. बिचारीची शुद्धच हरपली. साहेबांनी वाचवलं माझ्या भाचीला.” नर्सने माझ्याकडे बघितलं, आणि आवाज वाढवला. तिला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

तेव्हाही मी तुझ्यावर रागावले नाही. मला वाटलं, नटवर्यांनी ही कथा रचली असणार. एवढा मोठा माणूस, नवा सिनेमा, त्याला कोण खोटं पाडणार? मामाचा नाइलाज झाला असेल. तू भेटायला आलास, माझा हात हातात घेऊन नुसता बसलास. मला वाटलं, लाज वाटतेय बिचाऱ्याला. मीच तुला म्हणाले, “जाऊ दे मामा, जीव वाचला ना.” आठवतंय?

मग गेल्या महिन्यात नटवर्य आमच्या घरी आले. हे तुला आईने सांगितलं नसेल, कारण ती अर्धा वेळ नव्हतीच तिथे. दार उघडलं तर डोक्यावर टोपी, हात गळ्यात बांधलेला, बरोबर कुणी नाही. आईने कपाटातले चांगले कप काढले, चहा केला, तो कडू झाला म्हणून साखर आणायला काकूंकडे गेली. घरात डबाभर साखर होती. तिला फक्त काकूंना सांगायचं होतं.

तेवढ्यात ते म्हणाले, “बाई, मी आभार मानायला आलोय. तुम्ही मोठं मन केलंत.”

“कसलं मोठं मन?”

“हेच. श्रेय मला देऊन टाकलंत ते. मामा म्हणाले, ती स्वतःहून तयार झालीये, तिला प्रसिद्धी नकोच आहे.”

मी म्हटलं, “मला कुणी काही विचारलंच नाही.”

कप खाली ठेवला त्यांनी. बराच वेळ मनगट चोळत बसले. मग म्हणाले, “ऑपरेशनची भूल उतरून मी शुद्धीवर आलो तेव्हा तुमचे मामा शेजारी बसले होते. म्हणाले, साहेब, बाहेर सांगून आलोय, तुम्ही उतरवलंत. आता तुम्ही नाही म्हणू नका, सगळ्यांच्याच भल्याचं आहे. मला वाटलं, माझा मान राखतायत. मीही काही संत नाही, गोड वाटलं मला. पण नंतर चौकशीचं पत्र आलं आणि मामा पुन्हा आले. म्हणाले, भाची इंजिनाबद्दल काहीबाही बोलेल, तिकडे लक्ष देऊ नका, भीतीने पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. बाई, आत्ता मला कळतंय. मला हिरो करायचं नव्हतंच. तुम्हाला भित्री करायचं होतं.”

आई साखर घेऊन आली. आम्ही दोघंही चहा चांगला झाला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेले. क्लबात नाही, त्याच्या घरी. तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता. मला बघून चिमटे खाली ठेवले त्याने. मी एकच विचारलं, “त्या दिवशी सकाळी इंजिन उघडून बघितलं होतं ना?”

“मी कुठे होतो ताई? तुमच्या मामांनीच आदल्या दिवशी सुट्टी दिली. म्हणाले, बऱ्याच दिवसांत बहिणीकडे गेला नाहीस, जाऊन ये.”

आता ते लिहिते, जे लिहायला लागू नये म्हणून मी कुत्र्याची हकीकत सांगत बसले होते.

त्या आठवड्यात ते इंजिन खोकतंय, हे मी तुला सांगितलं होतं. पंख्याला लाल फडकं बांधून ठेवलं होतं मी, कुणी हात लावू नये म्हणून. त्या दिवशी सकाळी आले तर फडकं नव्हतं. मी विचारलं, आणि तू चहा ढवळत, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, “मिस्त्रीने उघडून बघितलं, बारीकसा कचरा होता, काढला. जा, बस.”

मी बसले. मामा, मी एका शब्दानेही उलट विचारलं नाही. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी स्वतः इंजिनाचं झाकण उघडलं असतं.

चौकशीच्या बाईंनी मला हेच विचारलं. चष्मा काढून म्हणाल्या, “तुम्हाला शंका होती, तर बसलात का?” मी म्हटलं, “मामा म्हणाला म्हणून.” त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

नटवर्यांनी आत खरं सांगितलं. हात गोठले होते, बाईंनी विमान उतरवलं, सगळं. बाहेर येऊन कॅमेऱ्यांपुढे मात्र हसून गळ्यातला हात हलवला आणि म्हणाले, “देवाची कृपा.” आत खरं आणि बाहेर गोलमाल, एवढीच त्यांची धाव. मी त्यांच्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवली नव्हती, म्हणून ते मला लागलंही नाही. माझा परवाना राहिला, तुझा थांबवला, क्लबला कुलूप लागलं. आईच्या लेखी गोष्ट इतकीच आहे की पोरीने मामाच्या पोटावर पाय दिला.

इंजिनाचं मी अजून समजू शकते. खरंच सांगते. तुला वाटलं असेल, एक चक्कर, एक फोटो, मग उघडू सावकाश. तू माझा जीव घ्यायला निघाला नव्हतास. आशेने माणूस आंधळा होतो, आणि तो क्लब म्हणजे तुझं लेकरू होतं. तू दवाखान्यात येऊन म्हणाला असतास, “बाळा, चुकलो, फडकं मीच काढलं,” तर मी रडले असते, तुला चार शब्द सुनावले असते, आणि बहुतेक तुझ्यासाठी चौकशीत खोटंही बोलले असते. हे मला स्वतःबद्दल माहीत आहे, आणि त्याची मला भीती वाटते.

पण तू माझा हात हातात घेऊन बसला होतास तेव्हा पायऱ्यांवरचं ते बोलून झालं होतं. मी शेतात चांगलं उतरवलं, हे जगात एका माणसाने तरी मला सांगायला हवं होतं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते कळलंच नसतं. आणि तूच सांगितलंस की मला शुद्ध नव्हती.

मी पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या क्लबात शिकवायला जातेय. गायिकाबाईंनी शब्द टाकला. तिथे भेटायला गेले तेव्हा विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं. ते नाव काढून टाकलं तर माझ्या हातात काही उरतच नाही. पण मी भेटायला येणार नाही. फोनही करू नकोस.

आईला मी फडक्याचं सांगितलेलं नाही, मिस्त्रीचंही नाही. नटवर्य काय बोलून गेले तेही नाही. सांगितलं असतं तरी तिने तुझ्यावरच विश्वास ठेवला असता. चाळीस वर्षांची तिची सवय आहे, माझी तर तीसचीही नाही. आणि खरं सांगू, तिचा भाऊ तिच्याकडून काढून घ्यायचं काम मला करायचं नाही.

हे पाकीट ती स्वतः घेऊन येणार आहे. तयार होऊन दारात उभी आहे. तिला वाटतंय, मी माफी मागितली आहे. तुझ्यासमोर बसेल, आणि तिचा चष्मा नेहमीप्रमाणे घरी राहिलेला असेल, तेव्हा म्हणेल, “वाच बघू मोठ्याने, काय लिहिलंय पोरीने.”

काय वाचून दाखवायचं, ते तू ठरव.

तुझी भाची
(हे नातं आईकडून आलंय, म्हणून लिहिलं.)