लेबलावरचं माझं अक्षर

पुणे, ८ ऑक्टोबर १९९७

अहो,

काल, ७ तारखेला, सकाळी अकरा वाजता कल्याणीच्या डिझाइन स्टुडिओतल्या संगणकावर मला माझंच अक्षर दिसलं: बरणीवरचं ‘लिंबाचं लोणचं’! आपल्या लेकीने न विचारता ते तिच्या गिऱ्हाईक मसालेवाल्यांना दाखवलंसुद्धा. शाळेतल्या नन्सनी लावलेलं तेच तिरकं वळण, ज्याला तुमच्या आई ‘पडकं कुंपण’ म्हणायच्या.

“ही चोरी आहे,” मी म्हटलं.

“आई, संगणकातली अक्षरं दुकानातली वाटतात. तुझं घरातलं वाटतं.”

आता त्यांच्या मसाल्यांची सगळी लेबलं मीच लिहायची, म्हणजे दिवाळीपर्यंत मुक्काम. हौस मलाही आहे.

पण तुमच्या हाताची थरथर थांबली का? फोनवर तुम्ही ठणठणीतच असता. म्हणून पंधरा तारखेच्या आत स्वहस्ते उत्तर लिहा. अक्षर पाहून ठरवीन, इथे राहायचं की घरी परतायचं.

तुमचीच,
कुमुद