बिळापाशी बसलेला

आये, अनंता पाया पडतो.

इथं आश्रमात मोबाइल ठेवून घेतात, म्हणून पत्र. रविना शाळेतून आली की वाचून दाखवील. जेवण बरं हाय. तुझा गुडघा कसा हाय? भात झोडून झालं का?

ध्यानाला मी जराही हलत नाय. गुरुजींनी मला पुढं बसवलं, म्हणाले, "याच्यासारखं निर्मळ बसा."

गावी शेणव्याला शेताच्या बांधावर खेकड्याच्या बिळापाशी मी असाच बसायचो, सावलीसुद्धा हलू द्यायचो नाय. इथंपण तसाच टपून हाय. देव बाहेर आला की झडप घालायची. गुरुजींना अजून सांगितलं नाय.

तू सांजेला ओट्यावर नुसती बसतेस. तेव्हा कुणाची वाट बघतेस गो? कुणाचीच नसेल, तर मला शिकव. माझी असेल, तर कळव. मी उठतो.

तुझा अनंता