प्रयुक्ताचं नाव गोदूबाई

८ जानेवारी २००६, रविवार

वीसपैकी सहा.

योग्य पर्याय निवडा, गाळलेल्या जागा भरा, चूक की बरोबर. शाळेतल्या पोरांसारखी चाचणी आणि त्यातही मी आपटले. सगळं पाठ होतं. तरी 'ऋण प्रबलन म्हणजेच शिक्षा' पुढे बिनधास्त 'बरोबर' लिहून आले.

हेमाली मॅडम रागावल्या नाहीत. पेपर हातात देऊन म्हणाल्या, "सुलूबेन, तुम्ही पाठ केलंय, समजलं नाहीये. घरी कुणाला तरी शिकवा. असं माणूस घ्या जे शाळेतच गेलं नाही. त्याला समजलं ना, मग तुम्हाला पण समजलं."

शाळेत न गेलेलं माणूस घरात एकच आहे. आई. म्हणजे सासूबाई. आमचं बोलणं म्हणजे 'मीठ संपलंय' आणि 'दार लावून घ्या'. त्यांचा लवू, माझा नवरा, गेल्याला चार वर्षं होतील. तो होता तेव्हा आमचे निरोप त्याच्यामार्फत चालायचे. आता मधे कुणी नाही, म्हणून तेवढं तरी बोलतो.

तेहेतिसाव्या वर्षी एफ.वाय. बी.ए. — बाहेरून. दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यांच्या नोट्स काढायच्या आणि रविवारी आपल्या नोट्स घेऊन बसायचं. हौस माझीच.

९ जानेवारी

विचारू की नको? नको.

१२ जानेवारी

विचारलं.

त्या अंगणात वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसले आणि घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. माझ्याकडे बघतही नव्हत्या. वाटलं, ऐकत नाहीयेत. शेवटचा बोंबील टाकून म्हणाल्या, "त्यात शिकाचा काय गो? माझे पाटीचा आवाज आयला का गल्लीतली सगली मांजरां धावत यायची. पाटीन मासली असो नायतर नसो."

मी विचारलं, तुम्ही मासळीची पाटी घेऊन फिरायचा धंदा बंद केल्यावर?

"म्हैनाभर येत व्हती. मंग येकेक कमी झाली. येक बोका मातुर लय दिवस येत व्हता."

म्हणजे विलोपन, लागलेली सवय हळूहळू सुटणं. मला विलोपन चार पानांत समजलं नव्हतं, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. आत येऊन मी वहीत लिहून घेतलं. प्रयोगाच्या वहीत 'प्रयुक्ताचं नाव' असा रकाना असतो. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयुक्त. तिथे लिहिलं — गोदूबाई, वय अंदाजे ६५, शिक्षण नाही.

२२ जानेवारी, रविवार

वर्गाहून येताना रिक्षा मिळेना म्हणून मिठागरांच्या बाजूने चालत आले. इथेच लवू आणि मी चालायचो. शहाण्णव साली. टायपिंगचा क्लास सुटला की तो मला सोडायला येत असल्याचं नाटक करायचा, आणि त्याचं राई गाव येईपर्यंत मीच त्याला सोडत आलेय हे दोघांच्याही लक्षात यायचं नाही. मग तो पुन्हा मला सोडायला भाईंदरला! मिठाचे ढीग पांढरेशुभ्र. तो म्हणायचा, तू बी.ए. झालीस की इथेच ढिगावर चढून ओरडेन. आता निम्मे ढीग नाहीत. बिल्डिंगींच्या पाट्या आहेत.

कॉलेजचा फॉर्म त्याने रजा टाकून आणला होता, लग्नानंतर वर्षाने. निळा, चार पानी. आणि आईंनी तो बंबात घातला.

आजही डोळ्यांसमोर आहे. त्या बंबापुढे उकिडव्या बसल्यात, पाठमोऱ्या. हातात निळा कागद. कोपरा पेटतो, वळतो, काळा होतो. रत्नागिरीची सून त्यांना नको होती, आणि शिकलेली तर त्याहून नको.

आठ वर्षं झाली. बी.ए. होऊन पाच वर्षं झाली असती.

५ फेब्रुवारी, रविवार

स्मरणाचा प्रयोग. दहा निरर्थक शब्द वाचले — लाझ, मुफ, टेग, असले. आईंना दोन आठवले, आणि वर मलाच विचारलं, "ही कंची भाषा?" मग दहा साधे शब्द घेतले. टेबल, पेन, खिडकी. चार आठवले. मी मनात म्हटलं, वय झालं.

मग काय सुचलं कोण जाणे, दहा माशांची नावं घेतली. मांदेली, बोंबील, घोळ, रावस, मुशी, अशीच कशीही. त्यांनी दहाच्या दहा सांगितली. वर माझा क्रम चुकीचा म्हणून बदलून, हंगामात कुठला आधी जाळ्याला लागतो आणि कुठला नंतर, तसा लावून दिला. सांगता सांगता कुठेतरी लांब गेल्या. सासरे होते तेव्हाची होडी, राईच्या खाडीत ओहोटीला चिखलात रुतलेली. त्यात झोपलेला तीन वर्षांचा लवू. "उटवाला गेली त बोलला, मना इथंच ऱ्हावचा हाय."

तो तसाच होता. लग्नाच्या दिवशी सुद्धा हलवून उठवावं लागलं त्याला.

दोघी हसलो. चहा त्यांनी केला.

१९ फेब्रुवारी

वीसपैकी पंधरा!

१२ मार्च, रविवार

आजचा धडा विस्मरण. मॅडमनी वर्गात गंमत केली. एक छोटी गोष्ट पहिल्या बाकावरच्या बाईच्या कानात सांगितली, तिने दुसरीला, असं करत मागपर्यंत. शेवटी जी गोष्ट बाहेर आली तिच्यात मुळात नसलेला नवरा आला होता, आणि पाऊस गेला होता. सगळ्या हसल्या. मॅडम म्हणाल्या, "हे दहा जणींमध्ये झालं असं वाटतं ना? एकाच डोक्यात पण होतं. प्रत्येक वेळी आठवताना आपण थोडं दुरुस्त करतो. सुलूबेन, मेमरी म्हणजे तुमची झेरॉक्स नाही."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मीही हसले. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स काढली की अक्षरं कशी दिसतात ते मला विचारा.

१६ मार्च

शेवटी बोलले. इतके दिवस चांगलं चाललंय, आत अढी ठेवून कशाला बसायचं, असं वाटलं. भाकऱ्या करत होत्या. मी म्हटलं, "आई, एक विचारू? माझा फॉर्म का जाळलात?"

हात थांबला. "कंचा फारम?"

सांगितलं. निळा, बंब, सगळं. त्या ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी उलटली नाही. मला वाटलं आता भांडण. मी तयारीतच होते, आठ वर्षांची तयारी.

"जालला आसंल गो," त्या म्हणाल्या. "तू म्हनतेस त आसंल. तवा मना राग व्हताच तुझा." करपलेली भाकरी उतरवून — "चुकला माझा."

मला हेच हवं होतं ना?

१७ मार्च

तू म्हनतेस त आसंल. हे काय कबूल करणं झालं?

२ एप्रिल

जुन्या रोजनिश्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. अठ्ठ्याण्णवची काढून बघावी, आईंना तारखेसकट वाचून दाखवावी, असं दोनदा मनात आलं. परीक्षा होऊ दे.

२१ एप्रिल

मानसशास्त्राचा पेपर झाला. मीरारोडच्या कॉलेजात माझ्या मागे-पुढे सगळी अठरा-एकोणीसची पोरं. बाकावर बसले आणि डोकं कोरं झालं. पंधरा मिनिटं नुसती प्रश्नपत्रिका बघत होते. मग 'विलोपन सोदाहरण स्पष्ट करा' दिसलं. कुत्रा लिहिलाच नाही. पाटी, मांजरं आणि तो एक बोका लिहिला. पेन सुटलं ते शेवटच्या घंटेपर्यंत.

आई फाटकापाशी उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "बोका लिवलास?" एवढंच विचारलं.

३० एप्रिल, रविवार

ट्रंक काढली.

२६ जून १९९८. माझंच अक्षर, तिरकं, घाईतलं. जसं आहे तसं उतरवते.

'फॉर्म बंबात घातला. उद्या शेवटची तारीख. इंग्रजी मला झेपणार नाही. सगळ्यांसमोर नापास होण्यापेक्षा हे बरं. पण लवूला नाही म्हणायची हिंमत नाही, इतका खुशीत आहे. संध्याकाळी त्याने विचारलं तेव्हा म्हटलं, आईंनी रद्दी समजून टाकला असेल. तो आईंकडे नुसता बघत राहिला.'

पुढची पानं बघत गेले. जुलैत लिहिलंय, 'आईंनी टाकला'. गणपतीच्या सुमाराला लिहिलंय, 'आईंनी जाळला'. 'असेल' कुठे गेला ते कुठल्याच पानावर नाही. पाच महिने लवू त्यांच्याशी धड बोलला नव्हता. मी बघत होते. मला वाटायचं, बरी अद्दल घडली.

बंबापुढची पाठमोरी बाई अजूनही डोळ्यांसमोर येते. अजूनही ती आईच दिसते. वाचून सुद्धा!

१ मे

आईंना वाचून दाखवलं. दोनदा थांबले.

त्या म्हणाल्या, "मना ठाव व्हता. बंबातली राख मीच काढाची ना. निला तुकडा गावला. मी जालला न्हाय, लवू कशाला जालंल?"

मग तेव्हाच बोलला का नाहीत? माझ्या तोंडावर तरी? त्या दिवशी चूक कबूल कशाला केलीत?

"नवा लगीन व्हता तुमचा. आयेवर रुसला त पोरगा परत येतो. बायकोवर रुसला..."

त्या उठून अंगणात बोंबील उलटायला गेल्या. मीही गेले.