सात संगणक आणि ज्योत्स्नाबाईंचे नाव

मी झुलाल वना पाटील, वय ७२, निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, राहणार पारोळा, हे कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मुलगा कुंदन यास शंका आहे.

१. राहते घर व शेत कुंदनला. सोल्डरिंगची हत्यारे सून मेघाला. ती वापरून जागेवर ठेवते.

२. आमच्या सेंद्रिय कापूस गटाची ब्लॉकचेन आहे. कोणता कापूस कुणाच्या शेतातला, ही नोंद सात गावांतल्या सात संगणकांवर राहते. पाच संगणकांचे एकमत झाले की नोंद पक्की. मग ती कुणाला खोडता येत नाही. सगळीकडे कुंदनने एकच प्रोग्राम बसवला. "दुरुस्ती सोपी जाते, आबा." माझ्या संगणकावर मी स्वतः लिहिलेला ठेवला. भर सभेत कुंदनने त्यास म्हातारचळ म्हटले. हे मी विसरलेलो नाही.

३. गेल्या दिवाळीनंतर गटाच्या बेबाबाईंनी ज्योत्स्नाबाईंच्या कापसाची नोंद केली. नावातले जोडाक्षर कुंदनच्या प्रोग्रामला झेपले नाही. सहाही संगणक एकदम बंद पडले. माझा चालू राहिला, पण एकट्याच्या होकाराने काही पक्के होत नाही. सात गावांचा कापूस अडकला. खरेदीदाराने शनिवारपर्यंत मुदत दिली. काहींनी सुचवले, 'जोसना' लिहून टाका. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "कापूस मना शे, नाव बी मनं शे." कापूस त्यांचा, नावही त्यांचेच. विषय संपला.

कुंदन माझ्या दारात आला, माझा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेतला आणि मोटरसायकलवर चार गावे फिरून तिथल्या संगणकांवर बसवला. माझा धरून पाच झाले. शुक्रवारी नोंद पक्की झाली, जोडाक्षरासह.

४. आता सगळे म्हणतात, सातांवर आबांचाच बसवा. माझी मनाई आहे. माझ्या प्रोग्राममध्ये दोष नाही असे नाही. अजून सापडलेला नाही. कोणताही प्रोग्राम दोनपेक्षा जास्त संगणकांवर नसावा, म्हणजे एक बिघडला तरी पाच संगणक उरतील. आणखी दोन बाहेरच्या माणसांकडून लिहून घ्यावेत. माझ्या संगणकावर कुंदनचा, दुरुस्त केलेला, बसवावा.

५. त्या आठवड्यात पेन ड्राइव्ह घेताना कुंदन माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. चूक समोरच्याची, असे दोघांनाही वाटत होते. हा दोष आम्हा बापलेकांत सारखाच आहे, आणि एकाच वेळी उपटतो. म्हणून या कागदाची अंमलबजावणी मेघाकडे देतो.

वाचून, समजून सही केली.
झुलाल वना पाटील

आमच्यासमोर सही झाली:
१. योगराज तोताराम पाटील, पारोळा
२. दिपमाला हितेंद्र महाजन, पारोळा

पारोळा, जि. जळगाव
११ फेब्रुवारी २०२५