तुमच्या हातातला फुगा

आत्याबाई,

आज सकाळी तुमच्या नातीने बोटाएवढी एक काळी वस्तू माझ्या हातात ठेवली, म्हणून हे लिहायला बसावं लागलं. त्या वस्तूला रिमोट म्हणतात. कॅमेरा तिकडे स्टँडवर, आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये तार नाही की नळी नाही. बटण दाबलं की फोटो निघतो. ती म्हणाली, "आई, दुकान माझ्या ताब्यात द्यायच्या आधी आपल्या दोघींचा एक फोटो. बटण तू दाब." मी तिच्या शेजारी बसले, रिमोट मुठीत धरला आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "आत्ता." पोरगी हसायला लागली. "कुणाला सांगतेस?" मी बटण दाबलं. मला असल्या गोष्टी तोंडाने सांगता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा मुलगा काविळीने गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मी नांदेडला बी.ए. झालेली, लग्नानंतर इथे आदिलाबादला डार्करूमचं काम त्यांच्याकडून शिकलेली. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, चेहऱ्यावरचे डाग ब्रशने पुसणं, सगळं येत होतं. पण ते आतल्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात. बाहेर गिऱ्हाइकासमोर कॅमेऱ्यामागे मी कधी उभी राहिले नव्हते. भाऊजी तहसील कचेरीत कारकून. महिना उलटल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि दुकानाची जागा कापडवाल्याला भाड्याने द्यायची ठरवली आहे म्हणाले. तुम्ही चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी करत होता. मी परातीत पीठ काढून देत होते. "वहिनी शिकलेल्या हायेत, मान्य," ते तुमच्याशी बोलत होते, माझ्याशी नाही. "पण परक्या माणसाले 'मान वर करा, इकडं पाहा' कोन म्हनन? इज्जतीचा सवाल हाय, माय." तुम्ही भाकरी उलटली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणालात, "फोटू मी काढीन. हे नुसती दिवे लावन."

"तू?"

"काऊन? मले हात नाईत?"

"माय, कॅमेऱ्याचं तोंड कोन्तं अन् पाठ कोन्ती, ते तरी समजते का तुले?"

"ज्याच्याकडं तोंड असते तो मानूस घाबरते. तेवढं समजते मले. जेवाले बस."

दुसऱ्या दिवशी तुम्ही नऊवारीचा काष्टा घट्ट करून खरंच दुकानात आलात. माझ्यापुढे प्रश्न होता, तुम्हाला करायला द्यायचं काय. मग रबरी फुगा आठवला. घरच्यांच्या फोटोत स्वतः उभं राहायचं असलं की तुमचा मुलगा तो वापरायचा. लिंबाएवढा फुगा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला एक बारीक दांडी, ती कॅमेऱ्याच्या कळीवर स्क्रूसारखी बसायची. फुगा दाबला की हवा जाऊन दांडी पुढे यायची आणि कळ दाबली जायची. मी कॅमेऱ्याजवळ खुर्ची ठेवली आणि फुगा तुमच्या हातात दिला. "मी 'आत्ता' म्हटलं की दाबायचं. आधी नाही, नंतर नाही." शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हाव, मास्तरीनबाई."

तामसी गावचा तो पागोटेवाला अजून डोळ्यांपुढे आहे. तो स्टुलावर बसला आहे, गुडघ्यांवर दोन्ही हात, आणि माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघतो आहे. "बुढे, तू काढतं का फोटू?" "मंग काय तुह्या बायकोले बोलावू? गप बस, वाकडा येशीन." तो हसतो, खांदे सैल पडतात, मी "आत्ता" म्हणते. त्याचा फोटो फार चांगला आला होता. हळूहळू बाजारात 'बुढीचा स्टुडिओ' असं नाव पडलं. जवळच्या मावला गावच्या भाजीवाल्या बाया पाट्या पायरीवर उतरवून आत येऊ लागल्या, ज्यांनी जन्मात फोटो काढला नव्हता. तेलुगू गिऱ्हाइकांसाठी तुम्ही एकच वाक्य पाठ केलं होतं, 'इटु चूडंडी', इकडे बघा. लहान मूल असो की फौजदार, तेच, आणि त्याच दरडावणीच्या सुरात. लोक बघायचेच. आणि भाऊजींचं तोंड बंद राहिलं, कारण फोटो त्यांची आई काढत होती.

पुढच्या उन्हाळ्यात नळीला चीर गेली. आदिलाबादला तशी नळी मिळेना. मी दांडी काढून टाकली, तिच्या जागी तारेची लहान कळ बसवली आणि ती अंगठ्याने मीच दाबू लागले. फाटकी नळी स्टँडच्या पायाला बांधून ठेवली. तुम्हाला सांगितलं नाही. हातात नुसता रिकामा फुगा आहे हे कळल्यावर त्या उन्हात तुम्ही घरून चालत कशाला याल, आणि तुम्ही नाही आलात तर दुकान आठ दिवसांत कापडवाल्याचं होईल, एवढा माझा हिशेब होता. मी "आत्ता" म्हणायची, तुम्ही फुगा दाबायचा, मी तार दाबायची. वर्षभर असं चाललं. फिल्मवाल्याबरोबर नागपूरहून नवी नळी आली, ती मी एका सकाळी गुपचूप बसवली. मनात म्हटलं, आजपासून खोटं संपलं.

नेमके त्याच सकाळी भाऊजी आले. बढतीच्या दरखास्तीला फोटो हवा होता. स्टुलावर बसले आणि कॉलर नीट करता करता सुरू झाले, "माय, कापडवाला पुन्हा विचारून राह्यला. किती दिवस तू अशी उन्हातान्हात..." ते बोलायला लागले की फुगा चोळत बसायची तुमची सवय. खट् आवाज झाला. तुम्ही खुर्चीतून अर्ध्या उठलात. "अव माय! हे तं आज खरंच वाजलं!"

भाऊजी म्हणाले, "म्हंजे? रोज वाजत नोहतं?"

मी फरशीकडे बघत होते. जागा गेली असंच मला वाटलं. तुम्ही पुन्हा बसलात, पदर सारखा केला. "नाई. नळी फाटली तवाच समजलं मले. दाबलं का वारा पायावर ये. गरमीत बरं वाटे."

"मंग फोटू कोन काढे?"

"हे काढे. वरीसभर हेच काढून राह्यली. तुह्या सायबाचा काढला, त्याच्या बायकोचा काढला, त्या कापडवाल्याचाबी काढला. कोनाची इज्जत गेली, सांग."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता. मग भाऊजींनी पुन्हा कॉलर नीट केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, नीट काढा. दरखास्तीले लावाचा हाय." मी म्हटलं, "मान जरा वर करा." त्यांनी केली. कापडवाल्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. आधीचा तोंड उघडं असलेला फोटो तुम्ही हट्टाने धुवून घेतलात आणि पिठाच्या डब्यावर उभा केलात. भाऊजी जेवायला बसले की समोर तो.

तुम्ही आता घरी राहिलात तरी चालेल, असं मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. तुम्ही आलातच, पुढेही पाय साथ देईपर्यंत येत राहिलात. एकदा मी विचारलं होतं, फुग्यात काही नाही हे ठाऊक असताना वर्षभर दाबत कशाला बसलात? तुम्ही वाती वळत होता. म्हणालात, "तू 'आत्ता' म्हने. कोनाले तरी म्हना लागते ना." मी वाती मोजून डब्यात भरल्या आणि उठले. आभार मानायचे असतात हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तुम्ही होतात तोवर ते जमलं नाही, म्हणून आज इथे मानते. मी इतकी वर्षं लोकांना मान वर करायला सांगत आले. ते सांगायची जागा मला तुम्ही दिलीत, फाटक्या नळीशेजारी बसून.

संध्याकाळी दुकान मुलीच्या ताब्यात दिलं. जुना दोन भिंगांचा कॅमेरा, स्टँड, दिवे, मागचा पडदा, तुमची खुर्ची आणि कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तिला दिल्या. रिमोट तिचाच, तो परत केला. फुगाही तिने मागितला, काचेच्या कपाटात ठेवते म्हणाली. तो दिला नाही. नळी फाटली आहे, ठेवण्यासारखा राहिला नाही, असं सांगितलं. तो माझ्या कपाटात आहे, हा कागदही त्याच्याखालीच ठेवते. नळी फाटलेली नाही.