नातीच्या दातांचं माप

आबा, काल साताऱ्यात तुमच्या नातीचे दात वाचले. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती. आता पंधराची आहे आणि बॉक्सिंग खेळते. हे ऐकून तुम्ही आधी माझ्यावरच ओरडला असता, ठाऊक आहे मला.

कुंडलच्या घरातला तो दिवस मी विसरले नाही. मीही तेव्हा पंधराचीच. शाळेत कबड्डी खेळताना एकीचा गुडघा तोंडावर बसला आणि फुटलेला ओठ रुमालानं दाबत मी घरी आले. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून कालवणात भाकरी कुस्करताय, कारण पुढचे तीन दात फौजेतल्या बॉक्सिंगमध्ये गेलेले. माझं तोंड दिसताच तुम्ही ताट सारलंत, माझी हनुवटी धरून एकेक दात हलवून पाहिलात आणि म्हणालात, "उद्यापास्नं मैदान बंद." आई म्हणाली, "आवं, खेळू द्या की. दात हाईत तिचं जाग्यावर." "हाईत तवरच सांगतोय," म्हणून तुम्ही हात धुतलेत. मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. मनातला राग तर त्याहून कितीतरी वर्षं जास्त टिकला.

पुढं मी सांगलीत दातांच्या लॅबमध्ये कामाला लागले आणि एकदा तुम्ही स्वतःच्या कवळीसाठी तिथं आलात. टेबलावर मांडलेले प्लॅस्टरचे जबडे बघून हसलात, नेहमीसारखा तोंडावर हात धरून. मग आपणहून सांगायला लागलात. "पलटणीत दातावर घालायच्या रबराचं एकच माप. माझ्या तोंडाला लय मोठं व्हतं ते. श्वास घ्याया येईना, म्हनून मीच थुकलं. आन् पुढचाच ठोसा तोंडावर."

"पण तुम्ही तर समोरच्यानं लबाडी करून दात पाडले म्हणायचा?"

"म्हनायचो." तुम्ही त्यातला एक जबडा हातात घेतलात. "तुझं मैदान बंद केलं, ते पोरगी म्हनून न्हाई. भ्यालो व्हतो गं."

मी मान खाली घालून कवळी घासत राहिले.

नात ग्लोव्ह्ज घेऊन घरी आली, तेव्हा तुमचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि तिला लॅबशेजारच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तिच्या दातांचं माप घेतलं, मी साचा ओतला आणि मऊ प्लॅस्टिकची शीट तापवून त्याच्यावर बसवली. पहिलं माऊथगार्ड तोंडात घालून ती म्हणाली, "आई, श्वास घेता येईना गं." आबा, अगदी तुमचेच शब्द. ते मी कचऱ्यात टाकलं. दुसरं मागच्या बाजूनं टोचत होतं. तिसऱ्याच्या कडा कमी केल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि ते घालून तिला अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. दमली तरी तिनं ते काढलं नाही. "हाय का न्हाई, कळतच न्हाई," म्हणाली, तेव्हा कुठं मी जेवायला बसले.

काल दुसऱ्या फेरीत ठोसा सरळ तोंडावर बसला. ओठ फुटला, रक्त आलं. फेरी संपल्यावर तिच्या सरांनी माऊथगार्ड काढून तोंडात बॅटरी मारली आणि मान हलवली, सगळं शाबूत. ती तिसरी फेरीही खेळली आणि हरली. बाहेर आल्यावर पायरीवर बसून ती हरल्याचं रडत होती आणि मी तिच्या दातांवरून बोट फिरवत वेड्यासारखी हसत होते. "आई, मी हरलीय!" ती चिडली. "व्हय गं बाई, हरलीस," मी म्हणाले, आणि पुन्हा हसू आलं. येताना बसमध्ये तिनं कणीस मागितलं. दाणे दातांनी तोडत, फुटलेला ओठ सांभाळत तिनं ते अख्खं संपवलं. एवढं हलकं मला खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

तुमच्यावरचा राग कधी गेला, ते नीटसं आठवत नाही. पण त्या दिवशी लॅबमध्ये मी तुम्हाला काहीतरी बोलायला हवं होतं. आता हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी करून ठेवते. एक तेवढं तुम्हाला सांगते, लेकीला सांगितलेलं नाही. तो ठोसा मी पाहिलेलाच नाही, तिच्या सरांकडून ऐकला. दुसऱ्या फेरीची घंटा झाली तशी मी हॉलबाहेर पळाले होते आणि नळापाशी कान झाकून उभी होते.