मामांनी टिपलेले पाय

तीर्थरूप मामांस,

धाकट्या भाचीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, जमिनीवर सगळ्या वायरी पसरल्या आहेत). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ऐकता ना? इकडे आम्ही सुखरूप आहोत, आणि हे वाक्य मी कालपासूनच लिहू शकते आहे.

आई निवृत्त झाली, तुम्ही निरोप समारंभाचं शूटिंग केलंत, आणि त्याची फिल्म आठवड्याभरात शाळेत दाखवते असं मी मुख्याध्यापिकाबाईंना छातीठोकपणे सांगून बसले. एडिटिंगचा मला गंध नव्हता. पण गावी परत निघताना तुम्ही म्हणाला होतात, "सगळं टिपलंय, तू फक्त जोड." मामा, रागावू नका. सुरुवातीलाच तुमच्याकडून बटण एकदा जास्त दाबलं गेलं आणि पुढे सगळं उलटं झालं. भाषण सुरू झालं की कॅमेरा बंद, भाषण संपून तुम्ही तो खाली धरलात की चालू. तीन तास नुसत्या चपला, बूट, खुर्च्यांचे पाय आणि लोकांच्या गप्पा. आईचा चेहरा चार सेकंद, तोही तिरका. बत्तीस वर्षांच्या नोकरीचं एवढंच उरलं, या विचाराने मला रडू आलं.

मग शिकायला धावले. नेटवरच्या पहिल्या गुरूने कॉम्प्युटर कोणता घ्यावा यावर चाळीस मिनिटं घालवली. दुसऱ्याने खरंच कापून दाखवलं, पण इतक्या झपाट्याने, की त्याचाच व्हिडिओ मला थांबवत थांबवत पाहावा लागला. एका ऑनलाइन वर्गातल्या सरांनी पहिले तीन धडे स्वतःविषयीच घेतले. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं, तर त्याचं पहिलंच वाक्य, 'उत्तम शॉट निवडा.' मी ते तिथेच मिटलं. (पुस्तक चांगलं असावं. आमच्याकडे शॉटच नव्हता, यात त्याचा काय दोष?)

खरे गुरू भेटले ते तळमजल्यावर. चष्मे दुरुस्त करणारे आजोबा पूर्वी सिनेमांचे संकलक होते, हे मला आठ वर्षांत कळलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. त्यांनी तुमचे पाय शांतपणे पाहिले आणि स्क्रीनवर चष्मा पुसायचं फडकं टाकलं. म्हणाले, "आता नुसतं ऐक. कोण काय बोललं ते वहीत लिही." वही भरत गेली तसा माझा जीव भांड्यात पडत गेला. भाषणात कुणी बोललं नव्हतं ते सगळं लोक खुर्च्या उचलताना बोलले होते.

नऊ मिनिटांची फिल्म झाली. प्रत्येकाचा आवाज आणि त्याचे बूट. सभागृह आधी हसलं, मग पुढे वाकून ऐकू लागलं. आई पर्समध्ये रुमाल शोधत राहिली. मामा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

तुमची,
धाकटी

ता. क. पाय दाखवायची कल्पना तुमचीच, असं मी सगळ्यांना सांगितलंय. पुढच्या कार्यक्रमाला शाळा तुम्हालाच बोलावणार आहे. लाल ठिपका दिसला की कॅमेरा चालू असतो, पण तुम्ही कृपया त्याच्याकडे बघू नका.

ता. क. २ वहीत एक वाक्य तुमचंही सापडलं. तुम्ही शिपाईकाकूंना म्हणालात, "ताईनं शिकवलं नसतं तर मी अजून सातवीतच असतो. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल." फिल्म त्याच वाक्यावर संपते. आईने ते आत्तापर्यंत अकरा वेळा लावलंय. तेवढं एकदा येऊन तिच्या तोंडावर सांगा, एवढ्यासाठीच हे पत्र. रविवारी या. तिने सातवीचं गणिताचं पुस्तक काढून ठेवलंय.